शेवट नसलेला डाव

आपल्या भाषेत खेळाचे दोन प्रकार पूर्वीपासून आहेत, फक्त त्यांना वेगळी लेबलं लावायची गरज कुणाला पडली नाही. एक म्हणजे डाव. डाव मांडला जातो, रंगतो, कुणावर तरी येतो आणि संपतो. पत्ते, कॅरम, सापशिडी, बुद्धिबळ, कबड्डी हे सगळे डाव. दुसरा प्रकार म्हणजे भातुकली. भातुकलीत कोण जिंकलं असं कुणी विचारत नाही. दिवाळीतला किल्लाही त्याच जातीचा. चार दिवस चिखल तुडवायचा, बुरूज थापायचे, अळीव पेरायचे, मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडायचं. किल्ला पूर्ण झाला की खेळ संपत नाही, उलट तिथून सुरू होतो. कुणीतरी म्हणतं, आता तळं करू या. दिल्लीत क्वार्टरसमोरच्या दोन हात जागेतसुद्धा मराठी घरातली पोरं हा उद्योग करतात आणि शेजारचे पंजाबी सुभेदारसाहेब रोज संध्याकाळी थांबून विचारतात, "बन गया?" ते बनतच असतं.

हे आठवायचं कारण आमच्या मेसमधला एक कॅप्टन. सुट्टीच्या दिवशी तो लॅपटॉपवर अंतराळयान चालवतो. मी विचारलं, यात जिंकायचं कसं? तो म्हणाला, "सर, जिंकायचं नसतंच." मग करायचं काय? "जे वाटेल ते. मी सध्या माल वाहतो." एनडीएत तीन वर्षं घासून निघालेला, बटालियनमध्ये मिनिटामिनिटाच्या हिशेबाने वागणारा जवान अधिकारी रविवारी काल्पनिक ग्रहावरून काल्पनिक धान्य उचलून दुसऱ्या काल्पनिक ग्रहावर विकतो आणि त्यात त्याला विश्रांती मिळते. हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. या खेळांचा इतिहास शोधत गेलो, तर तो आपल्या पेशाच्या आणि या शहराच्या बराच जवळून जातो असं दिसलं.

सुरुवात १९८४ पासून करू. ६ फेब्रुवारी १९८४ ला दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारात नेहरू तारांगण सुरू झालं. दोन महिन्यांनी, ३ एप्रिलला, स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून सॅल्यूत-७ या सोविएत स्थानकाकडे निघाले. तेही एनडीएचेच. आठवड्याने परतले ते सोयूझ टी-१० मधून आणि ती जळून काळी पडलेली कुपी याच तारांगणात ठेवलेली आहे. ती जवळून पाहिली की पहिली जाणीव होते ती तिच्या लहानपणाची. तीन माणसं, गुडघे पोटाशी घेऊन. आमच्या जिप्सीत याहून जास्त हातपाय पसरता येतात.

त्याच वर्षी दिल्लीत आणखी एक गोष्ट आकाराला आली, जिची आज फारशी आठवण निघत नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांना घेऊन शाळांत संगणक नेण्याचा 'क्लास' नावाचा प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुरू केला. पहिल्या फेरीत सुमारे २५० शाळा होत्या. पुढच्या काही वर्षांत हा आकडा दोन हजारांच्या वर गेला. या शाळांना जो संगणक दिला तो ब्रिटनचा बीबीसी मायक्रो. मळकट पांढरा डबा, काळा कीबोर्ड, वरच्या रांगेत लाल-नारिंगी कळा. चाळिशी-पन्नाशीतल्या बऱ्याच मंडळींनी आयुष्यातली पहिली संगणकाची कळ दाबली ती याच यंत्राची, तीही चपला बाहेर काढून, वातानुकूलित खोलीत, आठवड्यातून एक तास.

आणि बरोबर याच यंत्रासाठी, सप्टेंबर १९८४ मध्ये, केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला एक खेळ इंग्लंडमध्ये बाजारात आला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल ही ती दोन पोरं, खेळाचं नाव 'एलीट'. अंतराळातले खेळ त्याआधीही होते. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या मंडळींनी 'स्पेसवॉर' केला होता. त्याच्या पडद्यामागे खऱ्या आकाशातले तारे खऱ्या जागी दाखवणारा एक प्रोग्रॅम होता आणि त्याला त्यांनी गमतीने 'महागडं तारांगण' असं नाव ठेवलं होतं. पण तो डाव होता. दोन यानं, एकमेकांवर गोळ्या, एक मेलं की संपलं. पुढे बाजारपेठांत जे नाण्यावर चालणारे खेळ आले तेही सगळे डावच. त्याला कारणही रोकडं होतं. खेळणाऱ्याने दोन-तीन मिनिटांत हरलंच पाहिजे, नाहीतर यंत्राच्या मालकाला पुढचं नाणं मिळणार कसं? तीन जीव, वाढत जाणारा वेग आणि शेवटी धावसंख्या, हा साचा गल्ल्याच्या पेटीतून आला होता. घरी संगणक आले तेव्हा पेटी उरली नव्हती, पण साचा तसाच उरला. एलीट घेऊन हे दोघे एका मोठ्या कंपनीकडे गेले तेव्हा तिथून असंच उत्तर आलं की याला तीन जीव हवेत, धावसंख्या हवी आणि खेळ दहा मिनिटांत संपायला हवा. मग त्यांनी दुसरं दार ठोठावलं.

एलीटमध्ये सुरुवातीला तुमच्याकडे एक छोटं यान आणि १०० क्रेडिट. उभे तुम्ही लेव्ह नावाच्या ग्रहाजवळच्या स्थानकात. पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. शेतीच्या ग्रहावरून धान्य स्वस्त घ्या, कारखान्यांच्या ग्रहावर विका. येताना यंत्रं भरा. पैसे साठले की चांगली तोफ घ्या. नाहीतर दुसऱ्यांची यानं लुटा. नाहीतर लुटारूंना मारून बक्षीस कमवा. नाहीतर चोरटा माल वाहा आणि पोलिसांपासून पळत राहा. 'निरुपद्रवी' या दर्जापासून 'एलीट' या दर्जापर्यंत चढता येतं, त्यासाठी हजारो यानं पाडावी लागतात, पण एलीट झालात तरी खेळ संपत नाही. तुम्ही तिथेच असता, यान तिथेच असतं, पुढचा ग्रह तिथेच असतो.

यातली करामत समजून घेण्यासारखी आहे. त्या यंत्राची सगळी मिळून स्मृती ३२ केबी, त्यातली खेळाला मिळाली साधारण २२. सकाळी नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर जे सुप्रभाताचं फूल पाठवतात ते याच्या कितीतरी पट मोठं असतं. एवढ्या जागेत ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे २,०४८ ग्रह, त्यांची नावं, राज्यपद्धती, बाजारभाव, लोक कसे आहेत याचं एका ओळीचं वर्णन, हे सगळं ठेवायचं कुठे? उत्तर असं की ठेवायचंच नाही. तीन संख्या घ्यायच्या, त्यांची बेरीज करून पुढची संख्या काढायची, मग परत बेरीज. या संख्यांच्या आकड्यांतून ग्रहाचं नाव आणि स्वभाव तयार करायचा. ग्रह साठवलेला नसतो, तुम्ही तिथे पोचता तेव्हा तो त्याच गणितातून पुन्हा तसाच उगवतो. मागच्या संख्यांची बेरीज करून पुढची काढण्याची युक्ती पाश्चात्य पुस्तकांत फिबोनाचीच्या नावावर आहे. त्याचं पुस्तक १२०२ चं. आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांनी छंदशास्त्रात, किती मात्रांची किती वृत्तं होतील हे मोजताना, ती त्याच्या आधी वापरली होती. लघु-गुरूच्या हिशेबाचा भाऊबंद पुढे ग्रह प्रसवायच्या कामी यावा, ही गंमतच.

या पद्धतीने त्यांना अब्जावधी दीर्घिका करता आल्या असत्या. तशी त्यांची मूळ कल्पनाही होती. प्रकाशकांनी त्यांना आठांवर थांबवलं. कारण असं की संख्या अति झाली की सगळे ग्रह एकाच यंत्रातून पडलेत हे खेळणाऱ्याच्या लक्षात येतं आणि जादू ओसरते. हा सल्ला किती शहाणपणाचा होता ते कळायला ३२ वर्षं जावी लागली.

इथे बुद्धिबळाची जुनी गोष्ट आठवते. अरब लेखकांनी ती हिंदुस्थानच्या राजाच्या नावावर सांगितली आहे. खेळ शोधणाऱ्याने बक्षीस मागितलं ते असं की पहिल्या घरावर एक दाणा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा हसला आणि मग त्याची कोठारं संपली. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ऑगस्ट २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' हा अंतराळखेळ आला तेव्हा त्यात ग्रह किती, तर या दाण्यांपेक्षा बरोबर एक जास्त. योगायोग नाही, दोन्हीकडे दोनचा चौसष्टावा घात आहे. एका ग्रहावर एकच सेकंद थांबलात तरी सगळे पाहायला सुमारे ५८५ अब्ज वर्षं लागतील. विश्वाचं आजवरचं वय त्या मानाने किरकोळ, १३.८ अब्ज.

आणि लोक वैतागले. पहिल्या काही आठवड्यांतच तक्रारींचा पाऊस पडला. ग्रह होते, पण करण्यासारखं फारसं काही नव्हतं. हिरवा ग्रह झाला, मग निळा, मग जांभळा. पुढे कंपनीने वर्षानुवर्षं विनामूल्य सुधारणा दिल्या, घर बांधता येऊ लागलं, मित्रांबरोबर फिरता येऊ लागलं आणि खेळाची पत परत आली. ग्रहांच्या संख्येत मात्र वाढ करावी लागली नाही. मोकळ्या खेळाचं आकर्षण अफाटपणात आहे असं आपल्याला वाटतं, ते खरं नाही. राजस्थानात सराव केलेल्या कुणालाही विचारा, नुसतं मोकळं मैदान फार लवकर कंटाळा आणतं. मैदानात काही ठरवण्यासारखं असेल तरच ते मोकळं वाटतं.

हा 'ठरवण्याचा' मुद्दा आमच्या पेशात दोनशे वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला एक तरुण अधिकारी, रायस्वित्झ, याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ आपल्या सरसेनाध्यक्षांपुढे मांडला. वडिलांनी त्याची पहिली आवृत्ती राजाला दाखवली होती, मुलाने ती सुधारली. निळे आणि लाल ठोकळे, मोठ्या प्रमाणावरचा नकाशा, फासे आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. दोन्ही सेनापतींना शत्रू कुठे आहे ते दिसत नाही, पंच सांगेल तेवढंच कळतं. सरसेनाध्यक्ष आधी कंटाळलेले होते. खेळ पाहता पाहता ते उठून बसले आणि हा खेळ नव्हे, हे युद्धाचं शिक्षण आहे, अशा अर्थाचं बोलले. आजही आपल्या सरावांत आपण निळे आणि शत्रू लाल असतो, त्याचं मूळ तिथे आहे.

पण रायस्वित्झचे नियम पुढच्यांच्या हातात फुगत गेले. कोष्टकं, फाशांचे तक्ते, किती पावलांवर किती गोळ्या लागतील याचे हिशेब. अधिकारी युद्ध शिकण्याऐवजी तक्ते शिकू लागले. १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्नोआ या जनरलने सरळ सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा. अनुभवी पंचाने परिस्थिती सांगावी, खेळणाऱ्याने निर्णय घ्यावा, परिणाम पंचाने आपल्या अनुभवातून ठरवावा. याला मुक्त युद्धखेळ म्हणू लागले. तेव्हापासून प्रत्येक सैन्यात हा वाद चालू आहे. बंदिस्त खेळ सगळ्यांना एकसारखा तपासता येतो, गुण देता येतात. मुक्त खेळात माणूस कळतो, पण गुण कसे देणार?

कोर्सवर गेलेल्या प्रत्येकाला हा वाद वेगळ्या नावाने माहीत आहे, 'डीएस सोल्यूशन'. सँड मॉडेलभोवती बसून तासभर डोकं लढवायचं आणि शेवटी डायरेक्टिंग स्टाफच्या कागदावर जे उत्तर आहे ते बाहेर येतं. हुशार विद्यार्थी लवकरच शत्रूचा विचार सोडतो आणि कागदावर काय असेल याचा विचार करू लागतो. मी हे तुच्छतेने लिहीत नाही. हजारो अधिकाऱ्यांना एका पातळीवर आणायचं तर ठरलेली उत्तरं लागतातच. बुटाची नाडी कशी बांधायची यावर मुक्त चिंतन परवडत नाही. पण लढाईच्या दिवशी डीएस नसतो. म्हणून ज्या सैन्यांनी अशा खेळांना मान दिला त्यांनी हुकूम देण्याची पद्धतही बदलली. काय साधायचं ते सांगायचं, कसं ते खालच्यावर सोडायचं. दिल्लीत यूएसआय ही आपल्या सेनादलांची जुनी अभ्याससंस्था आहे, १८७० मध्ये सिमल्यात सुरू झालेली. तिथे होणाऱ्या धोरणात्मक वॉरगेममध्येही हाच प्रश्न असतो. खेळ कुठे बांधायचा आणि कुठे सोडायचा?

आता अंतराळखेळांकडे परत येऊ. त्यात अंतराळ नावापुरतं असतं, असं माझं मत बनलं आहे. एलीटमधलं जग हे खरं तर अठराव्या शतकातला कोकण किनारा आहे. माल भरलेली गलबतं, बंदराबंदरातला भावाचा फरक, वाटेत लुटारू, प्रत्येक बंदराचा वेगळा कायदा. आणि सगळ्यात अवघड प्रश्नही तोच, लुटारू कुणाला म्हणायचं? कान्होजी आंग्र्यांनी समुद्रावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक घ्यायला लावलं. दस्तक घेतलं तर संरक्षण, नाही घेतलं तर जहाज धरलं जाईल. कोणतंही राज्य आपल्या रस्त्यावर जे करतं तेच. इंग्रजांनी दस्तक मानायचं नाकारलं आणि कान्होजींना चाचा ठरवलं. मग विजयदुर्गावर, खांदेरीवर, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चढाया केल्या आणि सगळ्या फसल्या. मराठ्यांच्या बाजूने ते सरखेल, मुंबईकर इंग्रजांच्या बाजूने दरोडेखोर. एलीटमध्ये हा निकाल संगणक देतो, पोलिसांवर गोळी झाडली की पडद्यावर 'फरारी' असं येतं. खऱ्या समुद्रावर हा निकाल ज्याच्याकडे आरमार टिकलं तो देतो.

संगणकाने हा निकाल देणं सोडलं की काय होतं, ते 'ईव्ह ऑनलाईन'मध्ये दिसलं. आइसलंडच्या कंपनीचा हा खेळ २००३ पासून चालू आहे. हजारो माणसं एकाच विश्वात खेळतात. कायदा, करार, बाजार, हेरगिरी, फितुरी, बहुतेक सगळं खेळाडूंनी उभं केलेलं. २७ जानेवारी २०१४ ला एका गटाकडून एका ताऱ्याच्या ताब्याचं ठरावीक भाडं भरायचं राहिलं. ताबा सुटला, दुसऱ्या गटाने झडप घातली आणि जी लढाई पेटली ती सुमारे २१ तास चालली. सात हजारांहून अधिक खेळाडू, टायटन नावाची सगळ्यात मोठी ७५ जहाजं नष्ट, आणि त्या जहाजांची खऱ्या पैशातली किंमत काढली तर तीन लाख डॉलर्सच्या आसपास. एका हुकलेल्या हप्त्यावरून! ज्यांनी लॉजिस्टिक्सचं काम केलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मोठ्या पराभवांच्या मुळाशी अनेकदा कारकुनी असते. पण लक्षात घ्या, ही लढाई कंपनीने लिहिलेली नव्हती. तिला पटकथा नव्हती, तिची तारीख कुणी ठरवली नव्हती. म्हणूनच तिच्या आठवणी खेळाडू युद्धातल्या माणसांसारख्या सांगतात.

मोकळीक दिली की माणसं फक्त लढतात, असंही नाही. 'एलीट डेंजरस' हा ब्रेबेन यांनीच डिसेंबर २०१४ मध्ये आणलेला नवा अवतार. त्यात आपली आकाशगंगा मूळ आकारात आहे, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची. खगोलशास्त्राला माहीत असलेले तारे त्यांच्या जागी, बाकीचे गणिताने भरलेले. इतक्या दूर गेलं की इंधन संपतं. तेव्हा काही खेळाडूंनी 'फ्युएल रॅट्स' नावाचं पथक काढलं. कुणी अडकल्याचा निरोप आला की हे आपलं काम सोडून, कधी कधी तासन्‌तास प्रवास करून तिथे जातात, टाकी भरतात आणि निघून येतात. मोबदला काही नाही. खेळाच्या नियमात याला बक्षीस नव्हतं, दर्जा नव्हता. हजारो लोकांना त्यांनी असं सोडवलं आहे. धान्य वाहणाऱ्या आमच्या कॅप्टनचं सगळ्यात मोठं स्वप्न या पथकात जाण्याचं आहे, हे मला नंतर कळलं. तो ईएमई शाखेचा आहे. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपर्यंत पोचणं हेच त्याचं रोजचं काम. म्हणजे पूर्ण मोकळीक मिळाल्यावर या गड्याने निवडलं काय, तर आपलंच काम, फक्त हुकमाशिवाय.

मला वाटतं, आकर्षणाचं मर्म इथे आहे. मोकळ्या खेळात माणूस कामापासून पळत नाही, कामाची निवड स्वतः करण्याची हौस भागवतो.

खऱ्या अंतराळात ही हौस भागत नाही. तिथे माणसाला जितकं कमी स्वातंत्र्य आहे तितकं आमच्या ड्रिल स्क्वेअरवरही नसेल. जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी अंतराळात पोचलेले दुसरे भारतीय, आणि तेही एनडीएचेच. तिथे दिवसाची आखणी मिनिटांच्या हिशेबाने होते. झोप, व्यायाम, प्रयोग, जेवण, सगळं पट्ट्यांत बसवलेलं. ते तसं असावंच लागतं, प्रत्येक मिनिटाची किंमत प्रचंड आहे आणि चूक जिवावर बेतते. त्यांनी ज्या सिम्युलेटरवर सराव केला तोही डावच. बिघाड होणार, उत्तर ठरलेलं, ते चुकता कामा नये.

तरीही या बंदिस्त जगातून एक दाखला मिळतो. १९७३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकावर कार, गिब्सन आणि पोग हे तिघे ८४ दिवसांसाठी गेले. जमिनीवरच्या मंडळींनी पहिल्या दिवसापासून त्यांचं वेळापत्रक गच्च भरून दिलं. तिघे मागे पडू लागले, चिडचिड झाली. डिसेंबरच्या ३० तारखेला दोन्हीकडून मोकळं बोलणं झालं. त्यानंतर एक साधा बदल केला गेला. नेहमीची किरकोळ कामं घड्याळातून काढून एका यादीत टाकली, बाजारात नेतो तशी यादी. जमेल तेव्हा, जमेल त्या क्रमाने करा. जेवणाची वेळ आणि संध्याकाळ त्यांची त्यांना दिली. कामं तीच राहिली आणि मागे पडलेलं पथक पुढे निघून गेलं. कामाचा बोजा अनेकदा कामात नसतो, क्रम दुसऱ्याने ठरवण्यात असतो. कुठल्याही कंपनी कमांडरने ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी.

आता १९८४ च्या त्या दोन टोकांकडे पाहा. एकच यंत्र. इंग्लंडमधल्या घरात ते मुलाला १०० क्रेडिट देऊन म्हणत होतं, जा, काय करायचं ते तू ठरव. आपल्या शाळेत तेच यंत्र आठवड्यातून एक तास, शिक्षकांच्या देखरेखीत, ठरलेल्या धड्यासाठी उघडत होतं. तेव्हाच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. देशात यंत्रं मोजकी, मुलं कोट्यवधी, परकीय चलनाची चणचण. पण पोरगं काहीतरी उगाच करत बसलंय असं दिसलं की आपल्याला अजूनही अस्वस्थ वाटतं. घराघरातला वाद तोच आहे, बोर्डाचं वर्ष आणि हे काय धान्य विकत बसलाय?

या वादात पालकांची बाजू पोकळ नाही. ज्या खेळाला शेवट नाही त्यातून उठायचं कधी हे खेळ सांगत नाही. डाव संपला की आई हाक मारायच्या आधी पोरं आपोआप उठायची. इथे उठण्याचा निर्णयही स्वतःच घ्यावा लागतो आणि चौदाव्या वर्षी तो घेणं अवघड आहे. दिवाळीच्या किल्ल्याला निदान तुळशीचं लग्न होतं, त्यानंतर तो मोडावाच लागायचा. स्क्रीनवरच्या किल्ल्याला ते बंधन घरातल्यांनीच घालावं लागेल.

आणखी एक मर्यादा आहे, ती शिपायाने तरी विसरू नये. या खेळांत यान फुटलं तर विम्यातून नवं मिळतं. जुन्या एलीटमध्ये जिथे नोंद करून ठेवली होती तिथून परत सुरू करता यायचं. निवड करणं हे खेळ शिकवतो, निवडीची किंमत मोजणं शिकवत नाही. ते शिकवायला कबरी आणि युद्धस्मारकं लागतात आणि इंडिया गेटजवळ ती पुरेशी आहेत. नॅशनल वॉर मेमोरियलच्या भिंतींवरची नावं वाचताना कुणी परत सुरू करेल असं वाटत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष साधा आहे. डाव शिकवलाच पाहिजे, त्याशिवाय शिस्त येत नाही. पण ज्याने आयुष्यभर फक्त डाव खेळले, त्याला ज्या दिवशी कुणी प्रश्नच घालून दिलेला नसेल त्या दिवशी काय करायचं ते सुचणार नाही. आणि तसे दिवस येतात. लढाईत येतात, आपत्तीत मदतीला गेल्यावर येतात आणि सगळ्यात हमखास येतात ते निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा ऑर्डर्स नसतात, मूव्हमेंट ऑर्डर नसते आणि समोर अख्खं मोकळं आकाश असतं. पन्नाशीत पेन्शनीत निघणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या दिवसाची थोडी रंगीत तालीम आधी करायला हरकत नाही. कॅप्टनने मला विचारलं आहे, एखाद्या रविवारी बसणार का. मी हो म्हटलं आहे. माल मात्र मी माझा निवडणार.